मेंग दालसूंची रविवारची खबर

आमच्या बामसिल गावात मेंग दालसूंचा आवाज भिंतीतून ऐकला नाही असा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे मेंग दालसू. ते गावप्रमुख आहेत. पूर्वी गावाच्या तोंडाशी खांबावर कर्णे होते. शहरातून राहायला आलेल्या मंडळींनी तक्रार केली की सकाळी सकाळी शेणखताच्या गोण्यांची बातमी ऐकून मनाची शांती ढळते. मग तालुक्याने कर्णे उतरवले आणि घरोघरी भिंतीवर विटेएवढा स्पीकरचा डबा बसवला. आता तीच बातमी त्यांच्या उशाशी येते. माझा डबा फ्रीजच्या वर आहे. यंत्र सभाघरातल्या लोखंडी कपाटात असतं आणि माइक दालसूंच्या घरी, टेलिफोनच्या शेजारी. हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसाला उतार उतरून यायला नको म्हणून. माइक असलेल्या घरात डबा लावला तर कानाचे पडदे फाटतील अशी शिट्टी वाजते, म्हणून तेवढ्या एका घरात डबा नाही.

त्यांची बोलण्याची पद्धत ठरलेली. "अ, अ. माइक तपासतो आहे. बामसिलच्या रहिवाशांना कळवण्यात येतं की उद्या मिरचीवर फवारायचं औषध सभाघरात मिळेल. ज्यांना हवं असेल त्यांनी आपापली बाटली आणावी. पुन्हा एकदा सांगतो." आणि मग पुन्हा पहिल्यापासून, एक शब्दही न बदलता. त्यांची बायको म्हणायची, घरातही असंच चालतं, भात वाढ म्हणून दोनदा सांगतात, आणि दुसऱ्यांदा सांगेपर्यंत मी तो वाढलेलाही असतो. पण एक खरं की भिंतीतून आलेली गोष्ट गावात होते. नाला साफ करायला या म्हटलं की लोक शिव्या देत येतात, पण येतात. प्रमुखांनी समोर येऊन सांगितलं तर वाद घालता येतो. डब्याशी कोण वाद घालणार?

बायकोला सगळे जिनानवाली म्हणत. आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या गावाने ओळखतात. तिचं स्वतःचं नाव दवाखान्यात आणि थडग्यावर लागतं. दर रविवारी संध्याकाळी जिनानवाली मुलांना फोन करायची. थोरला जोंगथे सुवॉनला लिफ्टच्या कंपनीत आहे आणि धाकटी मिओक बुसानला केस कापायचं दुकान चालवते. जिनानवालीची खबर लांब असायची. कुणाच्या गायीला काय झालं, कोण कुणाशी बोलत नाही, कोण बोलत नाही म्हणतं पण बोलतं. दालसू मागे आडवे पडलेले असायचे आणि मध्येच म्हणायचे, "भात कापून झाला म्हणावं." खबरीतला त्यांचा वाटा तेवढाच.

जिनानवाली हिवाळ्याच्या सुरुवातीला गेली. वर्षाची किमची घालून झाली होती, मडकी भरली होती. बाहेरून आली, ओट्यावर बसून बूट काढायला वाकली आणि पुन्हा सरळ झाली नाही. गावाला बातमी सांगायचं काम गावप्रमुखाचं, म्हणून ते दालसूंनीच केलं.

"अ, अ. माइक तपासतो आहे. बामसिलच्या रहिवाशांना कळवण्यात येतं की मेंग दालसू यांच्या पत्नीचं आज दुपारी निधन झालं. पाहुण्यांची सोय सभाघरात आहे. पुन्हा एकदा सांगतो."

आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.

त्यानंतर डबा नेहमीसारखा बंद झाला नाही. त्यातून काही येत नव्हतं, पण ते येत राहिलं. घड्याळ, श्वास, मग पुन्हा घड्याळ. गावातली सगळी घरं हातातलं काम थांबवून भिंतीकडे बघत होती. शेवटी महिला मंडळाची अध्यक्ष इम्सिलवाली सभाघरात उठली आणि तिने कपाटातलं यंत्र बंद केलं.

माइकला एक खटका आहे. वर केला की चालू, खाली केला की बंद. दालसू तो वर करायचे, बोलायचे आणि बोलणं संपताच उठून निघून जायचे. मागे लसूण सोलत बसलेली जिनानवाली हात पुसून तो खाली करायची. इतकी वर्षं प्रमुखपद सांभाळताना त्या खटक्याला खाली यावं लागतं, हा विचार दालसूंच्या मनाला कधी शिवला नसावा. आता तो वरच राहिला. पुढच्या बातमीला ते तो पुन्हा वर ढकलायचे.

त्यांना सांगायला हवं होतं, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"तू सांग," इम्सिलवाली म्हणाली. "तुझं घर जवळ आहे."

"काय सांगू?" प्यो हवालदार म्हणाले. हे प्यो लष्करातून निवृत्त झालेले. अजून पँटला इस्त्री करतात. "खटका खाली करा म्हणू? मग ते म्हणतील, आजवर तर कधी केला नाही. मग मी काय म्हणू?"

खटक्याची गोष्ट सांगायची म्हणजे आजवर तो कोण खाली करत होतं हे सांगायचं, आणि तिला पुरून तीन आठवडेही झाले नव्हते. तेव्हा असं ठरलं की इम्सिलवालीने बातमीच्या वेळी सकाळ-संध्याकाळ यंत्र चालू करायचं आणि प्रमुखांचं बोलणं संपलं की बंद करायचं. थोडे दिवस. मग बघू.

इकडे जोंगथे मातीनंतर परत जाण्याआधी वडिलांना म्हणाला होता, "बाबा, सुवॉनला चला."

"तिथे दिव्याचं बटण कुठे असतं ते मला माहीत नाही."

"दाखवीन ना."

"इथलं मला न दाखवता माहीत आहे."

जोंगथे मुलगा वाईट नाही. त्याच्या इमारतीजवळ एक वृद्धाश्रम आहे. स्वच्छ, पाचव्या मजल्यावर, दारात माशांची काचपेटी. तो दोनदा जाऊन पाहून आला होता आणि वडिलांचं नाव नोंदवून आला होता. त्याने वडिलांसमोर अट ठेवली: आई करायची तसा दर रविवारी तुम्ही फोन करायचा. काय खाल्लं, कोण येऊन गेलं, सगळं सांगायचं. एकटे पडलाय, जेवत नाही किंवा कुठे पडलाय असं कळलं, की मी गाडी घेऊन येणार, मग वाद नको. दालसू हो म्हणाले. म्हणजे इतकी वर्षं जी खबर होती, ती आता दर आठवड्याची परीक्षा झाली. त्यांना त्यांच्या घरात राहायचं होतं आणि त्यासाठी दर रविवारी पास व्हायचं होतं.

पहिल्या रविवारी संध्याकाळी त्यांनी कचऱ्याच्या गाडीची बातमी दिली, दोनदा. इम्सिलवाली यंत्राकडे जायला उठली, तोच डब्यातून फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. दालसूंना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे पलीकडचा जोंगथेही आम्हाला स्वच्छ ऐकू आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

सभाघरात बायका फुलांच्या चित्रांचे पत्ते खेळत होत्या. हातातले पत्ते हातात राहिले.

"मुजूवालीने सुक्या माशाचं सार आणलं होतं," दालसू म्हणाले. "रोज संध्याकाळी आणते."

सगळ्यांनी मुजूवालीकडे पाहिलं. ती त्याच खोलीत होती, खालून तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून. सार तर सोडाच, रस्ता रुंद करताना दालसूंनी तिच्या तेंदूच्या झाडाची मोठी फांदी उतरवली तेव्हापासून ती त्यांच्याशी बोललेली नव्हती. जिनानवालीच्या मातीला आली, फोटोला वाकली आणि दालसूंकडे न बघता गेली.

"मी?" ती म्हणाली. "या माणसाला? सार?"

"हळू बोल," इम्सिलवाली म्हणाली.

"त्याला काय ऐकू जातंय? बघा, अख्ख्या गावासमोर माझ्याबद्दल खोटं बोलतोय."

"गावासमोर नाही. पोराशी बोलतोय."

"पोराशी बोलतोय, पण ऐकतंय गाव!"

तोवर जोंगथेचा फोन झाला होता आणि दालसूंनी मिओकला लावला होता. तिलाही तेच, त्याच शब्दांत. पुन्हा एकदा सांगतो असं ते म्हणाले नाहीत एवढंच. फोन ठेवल्यावर पुन्हा घड्याळ आणि श्वास आला. मग बराच वेळ चमचा. थंड भात पाण्यात कालवल्यावर चमच्याचा जो आवाज येतो, तो. ऐकू नये हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. इम्सिलवालीचा हात यंत्रावर होता. तिने तो लगेच दाबला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुजूवाली पातेलं घेऊन चढावर जाताना दिसली.

"कुठे?" प्यो हवालदारांनी विचारलं.

"दया नाही हं आली," ती म्हणाली. "माझं नाव जाहीर झालंय. उद्या कुणी म्हणेल, मुजूवाली आणते म्हणाले आणि आणत नाही."

दालसूंनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिथे ठेव." तिने ठेवलं. काम झालं.

पुढच्या रविवारी त्यांनी प्यो हवालदारांना कामाला लावलं. "रोज दुपारी प्यो बुद्धिबळ खेळायला येतो," ते जोंगथेला म्हणाले. "हरतो आणि तोंड पाडून जातो."

प्यो उभे राहिले. "मला बुद्धिबळ येत नाही. मला काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ येतो. हे त्यांना तीस वर्षं माहीत आहे."

"मग हरणं सोपं जाईल," मुजूवाली म्हणाली. आठवडाभर पातेलं वाहून ती या बाबतीत जुनी झाली होती.

प्योंची दुसरीही अडचण होती. त्यांना स्वतःला गावप्रमुख व्हायचं होतं. दर निवडणुकीला ते उभे राहायचे आणि दर निवडणुकीला चार-पाच मतं मिळवायचे, त्यातलं एक त्यांच्या बायकोचं असतं याचीही त्यांना खात्री नव्हती. प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन रोज हरायचं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तरी त्यांनी नातवाकडून मोहरे कसे चालतात ते फोनवर विचारून घेतलं आणि गेले. हरायला त्यांना खास प्रयत्न करावा लागला नाही.

दालसूंना याचं नवल वाटलं का? वाटलं असेल तर दिसलं नाही. त्या हिवाळ्यात त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. बोललेलं खरं होत होतं आणि ते भिंतीला टेकून त्याकडे बघत होते, पाऊस पडला तर माणूस बघतो तसे. एकदाच त्यांनी प्योंकडे संशय बोलून दाखवला. "जोंगथेने तुम्हा लोकांना फोन केलेला दिसतोय," ते म्हणाले. "माझ्यावर नजर ठेवा म्हणून. मला कळतं सगळं." प्यो घोडा कुठे चालतो ते आठवत होते. ते "हूं" म्हणाले.

बर्फ वितळायच्या दिवसांत दालसू पडले. अंगणात सोयाबीनच्या मसाल्याचे रांजण आहेत, तिथली पायरी निसरडी झाली होती. मुजूवाली पातेलं घेऊन आली तेव्हा ते रांजणाला पाठ लावून जमिनीवर होते.

"काय करताय?"

"बसलोय."

"बसलाय की पडलाय?"

"आधी पडलो. आता बसलोय."

तिने हाका मारून प्योंना बोलावलं. दोघांनी धरून आत नेलं. हाड मोडलं नव्हतं, पण कंबर वांग्याच्या रंगाची झाली. हाडं बसवणाऱ्याला आणून दाखवलं. दालसू त्याच्यासमोर एवढंच म्हणाले, "कुणाला सांगू नका."

त्या रविवारी गावातली सगळी घरं लवकर जेवली. औषधाच्या बातमीनंतर बटणं वाजली.

"बाबा, काय विशेष?"

"या आठवड्यात काही झालं नाही."

"आवाज असा का येतोय?"

"बसलोय म्हणून. काही झालं नाही. पुन्हा एकदा सांगतो, काही झालं नाही."

जोंगथे बरं म्हणाला. सभाघरात कुणी पत्ते उचलले नाहीत. वडील मुलाशी खोटं बोलत होते आणि गाव साक्षीला बसलं होतं, न बोलावता.

असा उन्हाळा गेला, मिरच्या लाल झाल्या. थडग्यांवरचं गवत कापायचे दिवस आले. जोंगथे पुढच्या रविवारी येणार होता. पण वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती आणि तिथल्या लोकांना लगेच उत्तर हवं होतं. तेव्हा तो एक आठवडा आधीच, न सांगता आला. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि वाईट दिसलं तर त्याच गाडीत बसवून न्यायचं, असं ठरवून. मोठ्यांना भेटल्याशिवाय पुढे कसं जायचं, म्हणून रीतसर आधी सभाघरात शिरला. हातात शक्तिवर्धक औषधाच्या छोट्या बाटल्यांचं खोकं. गुडघे टेकून वाकला.

"कसे आहात सगळे?"

आम्ही सगळे भिंतीकडे बघत होतो. यंत्र चालू होतं.

"अ, अ," भिंत म्हणाली. "माइक तपासतो आहे."

जोंगथे हसला. लहानपणापासूनचा आवाज. कचऱ्याची गाडी उद्या येणार नाही, असं दोनदा ऐकेपर्यंत तो हसतच होता. मग भिंतीतून बटणं वाजली आणि त्याच्या खिशातला फोन वाजला.

तो फोनकडे बघत राहिला. मग भिंतीकडे.

"इथे घेऊ नकोस," इम्सिलवाली म्हणाली. "शिट्टी वाजेल. बाहेर जा."

तो बूट न घालता ओट्यावर गेला. काचेचं दार अर्धं उघडं राहिलं. आम्हाला तो दिसत होता आणि त्याचा आवाज भिंतीतून येत होता.

"हॅलो, बाबा."

"जेवलास?"

"जेवलो. तुम्ही?"

"मुजूवाली आलीय ना. सार घेऊन. इथेच बसलीय, म्हणते आधी जेवा मग फोन करा. प्योही आहे. हरला आत्ताच."

काचेपलीकडून जोंगथेने आत पाहिलं. मुजूवालीच्या हातात पत्ते होते. प्यो हवालदार तिच्या समोर मांडी घालून बसले होते. त्या दिवशी पत्त्यांत मुजूवाली जिंकत होती, म्हणून तिला उठायला उशीर झाला होता. असं क्वचित व्हायचं.

"काकूंना द्या ना फोन," जोंगथे म्हणाला.

भिंतीतून घड्याळ ऐकू आलं.

"ती... मोरीत आहे. हात ओले आहेत."

"थांबतो मी."

मुजूवालीने पत्ते उपडे ठेवले. सभाघराच्या स्वयंपाकघरात दुपारचं सार उरलं होतं, ते पातेल्यात ओतलं. रबरी बूट चढवले आणि जोंगथेच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता, चढावाला लागली. तिच्या गुडघ्यांना तो चढ घाईत चढायची सवय नव्हती.

जोंगथे तिच्या पाठीकडे बघत होता. त्याच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये बाप. आम्हाला वाटलं आता हा म्हणेल, बाबा, मी खालीच उभा आहे.

"मिरची कशी आहे यंदा?" जोंगथेने विचारलं.

"बरी आहे."

"कीड?"

"थोडी."

"आणि ते... कुत्रं?"

"कुठलं कुत्रं?"

"शेजारचं. भुंकायचं ते."

"मेलं ना ते. आई होती तेव्हाच मेलं. सांगितलं होतं तुला तिने."

"हो. सांगितलं होतं." त्याने चढाकडे पाहिलं. मुजूवाली अजून तेंदूच्या झाडापर्यंतच पोचली होती. "पाऊस झाला का तिकडे?"

"काल झाला. तिकडे?"

"इकडेही झाला." त्याने आकाशाकडे पाहिलं, आमच्याच. "बाबा, भात कापायला कधी घेणार?"

हा प्रश्न दालसूंना आवडला. त्याचं उत्तर लांब आहे आणि ते त्यांना पाठ आहे. यंत्रवाल्याची पाळी, खालचं शेत ओलं, वरचं तयार. ते सांगत राहिले आणि जोंगथे हो, हो करत राहिला, आणि भिंतीतून दार सरकल्याचा आवाज आला.

"आली बघ," दालसू म्हणाले. त्यांच्या आवाजात कुणाला फरक जाणवला असेल तर मला माहीत नाही. "घे, बोल."

"जोंगथे," मुजूवाली धापा टाकत म्हणाली. "जेवलास का?"

"जेवलो, काकू."

"मग ठेव फोन. यांचं सार निवतंय."

जोंगथे आत आला. मोजे ओले झाले होते. इम्सिलवालीने त्याला बसायला उशी दिली आणि तालुक्यातून आलेली बार्लीची बिस्किटं पुढे सरकवली. भिंतीतून मिओकचा आवाज यायला लागला होता. त्याने बहिणीचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. शेवटी तिने विचारलं, "बाबा, रात्री झोप लागते का?" आणि दालसू म्हणाले, "पडतो." मग फोन ठेवल्याचा आवाज.

"कधीपासून?" जोंगथेने विचारलं.

"आई गेल्यापासून," इम्सिलवाली म्हणाली.

"सगळी घरं?"

"शहरवाले धरून."

"आणि कुणी त्यांना सांगितलं नाही?"

"तू सांग," ती म्हणाली. "तू मुलगा आहेस."

तो सांगेल असं वाटलं. तो उठला, दारापर्यंत गेला, बूट पायात घातले. तिथून त्यांच्या घराचा दिवा दिसतो.

"काकू खरंच रोज जातात?"

"जाहीर झालंय ना," प्यो म्हणाले.

"आणि तुम्ही? खेळायला?"

"हरायला."

जोंगथे हसला नाही. बुटाची नाडी तो बराच वेळ बांधत होता. "वर्षअखेरपर्यंत त्यांना थांबवतो," तो म्हणाला. वृद्धाश्रमवाल्यांना, हे सगळ्यांना माहीत होतं. "पुढचं तेव्हा बघू. मी आलो होतो हे सांगू नका." आणि चढाकडे न जाता गाडीत बसून गेला. पुढच्या रविवारी तो ठरल्याप्रमाणे आला, आईच्या थडग्यावरचं गवत कापलं आणि बापाच्या हातचं जेवला. खारट होतं म्हणे.

पण त्यानंतरच्या रविवारपासून त्याचे प्रश्न बदलले.

"बाबा, प्यो काका त्या रांजणांजवळच्या पायरीला कठडा लावणार होते, लावला का?"

"कोण म्हणालं?"

"असं मला वाटलं."

सभाघरात प्यो म्हणाले, "मी कधी म्हणालो?" आणि मंगळवारी हातोडा घेऊन गेले.

"गुरुवारी दवाखान्याची गाडी येते ना? इम्सिलवाली काकू तुम्हाला बरोबर नेत असतील."

"हा आता सुवॉनमधून गाव चालवतोय," इम्सिलवाली म्हणाली. "बाप तरी दोनदा सांगतो. हा एकदाच सांगतो आणि ठेवतो." गुरुवारी तिने दालसूंना गाडीत बसवलं. तक्रार सगळ्यांची होती. रविवार चुकवला मात्र कुणी नाही.

वर्षअखेरीला गावसभा भरते. हिशेब वाचला जातो, कुणी ऐकत नाही. डुकराचं मांस उकडलेलं असतं, त्यासाठी सगळे आलेले असतात. त्या वर्षी प्रमुखपदाची मुदतही संपत होती. दालसू उठले.

"माझ्याच्याने आता होत नाही," ते म्हणाले. "घसा गेलाय. उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. प्योला करा. त्याला पहिल्यापासून हवंय."

सगळ्यांनी प्योंकडे पाहिलं. त्यांनी त्या दिवशी टाय लावला होता.

मला वाटतं त्या खोलीत त्यांच्याइतकी वाट कुणीच कशाची पाहिली नव्हती. ते उठले, पँटची घडी सरळ केली आणि म्हणाले, "मला नको."

"का?" दालसू म्हणाले. "दर वेळी मागतोस."

"आता नको."

"अरे पण का?"

"गुडघा दुखतो."

"प्रमुखाला बोलायचं असतं. गुडघ्याने कोण बोलतं?"

"नको म्हणजे नको," प्यो म्हणाले आणि खाली बसले. कान लाल झाले होते. त्यांची बायको त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू त्या माणसाशी नुकतीच ओळख झाली आहे.

मग दालसूंनी मधमाश्या पाळणाऱ्या शहरवाल्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, मला माणसांसमोर बोलता येत नाही. हा मनुष्य शहरात लोकांना भाषण कसं करावं ते शिकवायचा. इम्सिलवाली म्हणाली, मंडळाचंच काम खूप आहे.

"घाबरता कशाला?" दालसू म्हणाले. "काही अवघड नाही. माइक मी स्वतः तुमच्या घरी बसवून देतो. आज संध्याकाळीच काढतो."

कुणी हललं नाही. माइक निघाला की मुजूवालीला कळणार नव्हतं तिने काय आणलंय, प्योंना कळणार नव्हतं ते कधी हरले, आणि जोंगथेचे प्रश्न दालसूंच्या चार भिंतींत पडून राहणार होते. मग एखाद्या रविवारी तो काहीतरी विचारेल आणि ते झालेलं नसेल. वर्षअखेर आलीच होती.

"मांस निवतंय," मुजूवाली म्हणाली. "हात वर करा. ज्यांना मेंग प्रमुख हवेत त्यांनी."

सगळे हात वर गेले. शहरवाल्यांचे आधी गेले. विरोधात एकच मत पडलं, ते दालसूंनी स्वतः दिलं. त्यांनी सभोवार बघितलं आणि पानात वाढलेलं खायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. ते गेलं वर्षभर नव्हतं.

रविवारी संध्याकाळी पाण्याच्या टाकीची बातमी झाली. मग बटणं.

"बाबा, सभा झाली का?"

"झाली. माझ्याच गळ्यात घातलं पुन्हा." दालसूंचा आवाज नेहमीसारखा, पायरीवर ठेवलेल्या दगडासारखा. "काय करणार. या गावात धड काम करू शकेल असा एक माणूस नाही. प्यो निव्वळ भित्रा निघाला. आयुष्यभर मागितलं आणि दिलं तर पळाला."

प्यो हवालदार सभाघरात उभे राहून ऐकत होते. ते बसले नाहीत आणि बाहेरही गेले नाहीत. मुजूवालीने त्यांच्यापुढे बिस्किटांची ताटली सरकवली.

पलीकडे जोंगथेच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"मुदत किती?" त्याने विचारलं.

"तीन वर्षं."

"म्हणजे तीन वर्षं तुम्हाला कुठे जाता येणार नाही."

"कुठे जाणार?" दालसू म्हणाले.

"बरं," जोंगथे म्हणाला. "मग मी तिकडे नको म्हणून कळवतो."

"कळव," ते म्हणाले, आणि सुवॉनला बर्फ पडतोय का ते विचारलं. पडत नव्हता.